छायाचित्रांतली मिसळ

गेल्या पौषांतील एका रविवारीं आमच्या धाकट्या सूनबाईंनीं मिसळ केली. मटकी आधीं भिजवून तिला चांगले लांब मोड आणलेले होते. मसाल्याची पुडी मुद्दाम मोठ्या दुकानांतून आणलेली होती. आणि पुडीच्या पाठीवर छापलेली कृति त्यांनीं चमचा न् चमचा मोजून पाळली होती. आम्हां सर्वांस ती मिसळ आवडली. आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं तर तीन वेळां कट मागून घेतला. परंतु करणारी मात्र पुडी हातांत धरून खिन्न बसलेली! पुडीवरच्या चित्रांत मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर हीं सारीं रश्शाच्या वर कमळासारखीं डौलानें तरंगत होतीं. आमच्या वाडग्यांत तीं केव्हांच तळास गेलीं होतीं. चित्रांतली तर्री माणकासारखी लाल होती, आमची विटकरी. "सगळें छापल्याप्रमाणें केलें, तरी माझेंच कांहीं तरी चुकलें," असें त्या म्हणाल्या.

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. बाजारांतून आणलेलें वांगें किडकें निघालें तर आपण भाजीवाल्यास बोल लावतों. लुगड्याचा रंग गेला तर कापडवाल्याकडे जातों. चित्रासारखा पदार्थ मात्र झाला नाहीं, कीं गृहिणी बोल लावते तो स्वतःच्या हातास. विकणाऱ्यानें काढविलेलें चित्र प्रमाण आणि आपण रांधलेलें अन्न चुकीचें, हा न्याय कोणी कोणास शिकविलेला नाहीं; तो न बोलावतां स्वयंपाकघरांत येऊन बसला आहे. तेव्हां हें चित्र निघतें तरी कसें, तें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें असें आम्हीं ठरविलें.

सुदैवानें आमची एक भाची मुंबईस याच धंद्यांत आहे. छायाचित्रासाठीं अन्न शिजविणें, मांडणें आणि नटविणें हें तिचें काम. धंद्यांतले लोक तिला 'फूड स्टायलिस्ट' म्हणतात. तिची आई, म्हणजे आमची थोरली बहीण, शेजारणींना "आमची मुलगी अन्नाची वेणीफणी करते" असें सांगते, व आमच्या मतें हेंच वर्णन अधिक नेमकें आहे. आम्हीं तिला फोन करून सूनबाईंची हकीकत सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "मामा, हें सांगून पटायचें नाहीं. पुढच्या महिन्यांत एका मिसळ-मसाल्याच्या जाहिरातीचेंच काम आहे. तुम्हीच या. मात्र भरल्या पोटीं या."

त्याप्रमाणें माघांत एके दिवशीं सकाळीं नवाच्या सुमारास आम्ही लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारांतील स्टुडिओंत जाऊन पोंचलों. आंत शिरतांच प्रथम नवल वाटलें तें भिंतींचें. त्या काळ्या रंगविलेल्या होत्या. रंगीत भिंतीवरून परतणारा उजेड पदार्थावर पडतो आणि त्याचा रंग बिघडवितो, म्हणून ही काळोखी. मधोमध एक लांकडी मेज, त्यावर एक रिकामा वाडगा, आणि त्या वाडग्याभोवतीं नऊ माणसें! छायाचित्रकार, त्याचे दोन साहाय्यक, भाची व तिच्या हाताखालच्या दोन मुली, जाहिरात-संस्थेचे दोघे, आणि मसाल्याच्या कंपनीचा एक तरुण अधिकारी. पडद्यापलीकडे स्वयंपाक चाललेला. चार किलो मटकी, तीन पातेलीं कट, साठ पाव. आमच्या घरीं मुंजीस एवढी मिसळ लागली नसती. हा सारा खटाटोप एका वाडग्याच्या एका चित्रासाठीं!

त्या चार किलोंतून सारख्या लांबीचे, न तुटलेल्या मोडांचे दाणे चिमट्यानें वेंचून एका ताटलींत ठेवण्याचें काम एक मुलगी दोन तास करीत होती. साठ पावांतून दोन निवडले गेले. बाकीच्यांच्या पाठीवर कोठें सुरकुती, कोठें डाग. कोथिंबिरीचीं पानें बर्फाच्या पाण्यांत पोहत होतीं. फरसाणांतली शेव, पापडी आणि गांठी वेगवेगळ्या करून मांडल्या होत्या. आणि हें सर्व होईपर्यंत मेजावर होता तो खरा वाडगा नव्हेच. तो 'बदली' वाडगा. नाटकांत पडद्याची तालीम दुय्यम नटाकडून करून घ्यावी, तसा हा बदली वाडगा उजेडाची जुळवाजुळव होईपर्यंत तिष्ठत बसतो. खरा नायक अगदीं शेवटीं येतो. कारण नायकाचें आयुष्य चारपांच मिनिटांचें. तेवढ्यांत तर्रीवर साय धरते, कोथिंबीर मान टाकते आणि फरसाण रस्सा पिऊन फुगतें.

उजेडाची गोष्ट आम्हांस फार मनोरंजक वाटली. आपण घरीं दिवा ताटाच्या वर किंवा समोर ठेवतों. येथें मुख्य उजेड पदार्थाच्या मागून, जरा डाव्या अंगानें येत होता, आणि त्यापुढें पातळ पांढरें कापड ताणलेलें होतें. मागून आलेला उजेड ओल्या पृष्ठभागावरून घसरून कॅमेऱ्यांत शिरतो, त्यामुळें तर्री चकाकते आणि मटकीच्या प्रत्येक दाण्याला कांठ येतो. तोच दिवा समोर नेऊन छायाचित्रकारानें आम्हांस दुसरें चित्र दाखविलें. तोच कट, तोच वाडगा, पण चिखल! पुढच्या बाजूस पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे उभे करून सावली हलकी करतात, काळे तुकडे लावून ती गडद करतात. थाळीचें चित्र असेल तर कॅमेरा सरळ वरून बघतो; थरांचा केक असेल तर समोरून; वाडगा असेल तर जेवायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यास दिसतो तसा तिरका. यांत लबाडी अशी कांहींच नाहीं. दिवाळीस आपणही पणत्या कोठें ठेवाव्या याचा विचार करतोंच.

आपल्या बिचाऱ्या कॅमेऱ्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आपण मिसळ खातों ती नुसत्या डोळ्यांनीं नव्हे. वास आधीं येतो, वाफ तोंडावर लागते, पापडी दाताखालीं कुरकुरते, शेजारीं कोणी सूं सूं करीत असतें. कॅमेऱ्याला यांतलें कांहीं नाहीं. त्याला नाक नाहीं, जीभ नाहीं, आणि डोळाही एकच. अन्नाचें छायाचित्र काढण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकानें १८४४ ते १८४६ या काळांत 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा खऱ्या छायाचित्रांचा ग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला, त्यांतही फळांच्या करंड्यांचें एक चित्र आहे. पण त्या फळांना रंग नव्हता. आणि रंगावांचून लोणचें काय व मुरंबा काय, दोन्ही काळेंच. म्हणून पुढें किती तरी वर्षें खाद्यपदार्थांच्या जाहिराती चित्रकारांच्या कुंचल्यावरच चालल्या. १९३० नंतर अमेरिकेंत निकोलस मरे यानें तांबड्या, हिरव्या आणि निळ्या कांचेंतून एकाच दृश्याच्या तीन प्रती घेऊन, त्यांचे तीन रंगांचे ठसे एकावर एक बसवून रंगीत छायाचित्रें काढण्याची खटपटीची पद्धत हातीं घेतली, आणि 'मॅकॉल्स' या स्त्रियांच्या मासिकाच्या पानांवर भरलेलीं मेजें रंगांत अवतरलीं. कुंचला खोटें बोलूं शकतो हें सर्वांस ठाऊक होतें. कॅमेरा बोलूं शकत नाहीं, असा समज होता. जाहिरातदारांस कॅमेऱ्याचा जो लोभ सुटला, तो या समजासाठींच.

खोटेपणाच्या युक्त्या मात्र ऐकावयाच्या तर पुष्कळ. थंड पेल्यावरचें दंव म्हणजे ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याचा फवारा; तो तासभर वाळत नाहीं. बर्फाचे खडे ॲक्रिलिकचे. मधाच्या जागीं इंजिनाचें तेल, दुधाच्या जागीं चिकटविण्याचा पांढरा डिंक, म्हणजे त्यांत टाकलेल्या लाह्या मऊ पडत नाहींत. वाफ हवी असेल तर ताटलीमागें उदबत्ती लावून ठेवावी. देवघरांतली उदबत्ती मिसळीमागें उभी राहिलेली आम्हीं प्रत्यक्ष पाहिली! पूर्वीं दिवे फार तापत आणि एकेका चित्रास वेळ लागे, म्हणून या युक्त्यांवांचून गत्यंतर नव्हतें. आतां थंड दिवे आले, चित्र क्षणांत संगणकाच्या पडद्यावर दिसतें, त्यामुळें त्यांतल्या बऱ्याच मागें पडत चालल्या आहेत, असें भाचीनें सांगितलें.

इतकें ऐकून आमचें मन जरा निवळलें होतें, तोंच नायकाच्या वाडग्याची वेळ आली. भाचीनें कोरा वाडगा घेतला, आणि त्याच्या तळाशीं प्रथम काय ठेवलें असेल? आपण आमटीला घेतों तसली एक लहान वाटी, उपडी! त्या वाटीवर उसळीचा डोंगर, डोंगरावर फरसाण, आणि मग कडेनें पळीपळीनें कट सोडलेला. फरसाण बुडण्याची सोयच नाहीं. आम्हांस राहवलें नाहीं. "अग, आमच्या सूनबाई ज्यापायीं डोळ्यांत पाणी आणून बसल्या, ती हीच वाटी कीं!" असें आम्ही जरा मोठ्यानेंच बोललों. भाची हात न थांबवितां म्हणाली, "मामा, अमेरिकेंत याच गोष्टीवरून मोठें प्रकरण झालें होतें. तिकडे वाटी नव्हती, गोट्या होत्या. दुपारीं सांगतें."

तिनें सांगितलेलें आणि पुढें आम्हीं स्वतः वाचून पाहिलेलें तें प्रकरण असें. डबाबंद सूप विकणारी कॅम्पबेल ही तिकडची फार जुनी आणि घराघरांतली कंपनी. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तिच्या भाजीच्या सुपाच्या जाहिराती निघाल्या, त्यांत वाडगा भाज्यांनीं कसा तुडुंब भरलेला दिसे. तेथील संघराज्य व्यापार आयोगाच्या ध्यानांत असें आलें, कीं वाडग्याच्या तळाशीं कांचेच्या गोट्या टाकलेल्या होत्या. त्यामुळें भाज्या खालीं न जातां वर राहिल्या. आयोगानें तक्रार मांडली. १९७० सालीं कंपनीनें, दोष कबूल न करतां, असे प्रकार पुन्हा न करण्याचा करार मान्य केला.

कंपनीच्या बाजूनेंही बोलण्यासारखें एक आहे, आणि तें न सांगणें अन्यायाचें होईल. सूप पातळ, भाजी जड. वाडगा स्थिर ठेवला तर सारी भाजी तळास बसणार आणि चित्रांत दिसणार नुसतें तांबूस पाणी. तें चित्र तरी खरें कसें? खाणारा माणूस चमच्यानें ढवळतो तेव्हां त्याला भाजी लागतेच. हें सर्व कबूल. परंतु गोट्या टाकल्यावर वर किती भाजी दिसावी, हें डब्यांत किती भाजी घातली आहे त्यावर अवलंबून राहत नाहीं. तें गोट्या किती टाकल्या यावर अवलंबून राहतें. आमच्या समजुतीप्रमाणें खरी मेख येथें आहे.

या प्रकरणाचें शेपूट आम्हांस अधिक आवडलें. वॉशिंग्टन येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठांतल्या कायद्याच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मंडळ काढून आयोगापुढें धाव घेतली. त्या मंडळाच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळविलीं कीं 'सूप' असाच शब्द होई. त्यांचें म्हणणें, नुसतें 'पुन्हा करणार नाहीं' एवढ्यानें भागत नाहीं. ज्यांचा गैरसमज झाला त्यांना कंपनीनें जाहिरात देऊनच खरें सांगितलें पाहिजे. आयोगानें या वेळीं तसा हुकूम केला नाहीं, परंतु तसा अधिकार आपणांस आहे असें मान्य केलें. लगेच पुढच्या वर्षीं, १९७१ सालीं, 'प्रोफाइल' नांवाच्या पावाच्या बाबतींत हा उपाय अमलांत आला. हा पाव खाल्ल्यानें वजन उतरतें असा बोलबाला होता, कारण त्याच्या एका कापींत उष्मांक कमी. ते कमी कां, तर काप इतरांहून पातळ कापलेला! त्या कंपनीस वर्षभर जाहिरातींच्या खर्चाचा चौथा हिस्सा ही गोष्ट उघड सांगण्यांत घालवावा लागला.

आतां प्रश्न असा, कीं चित्रांत ठेवलेली प्रत्येक नकली वस्तु गुन्हा समजावयाची काय? याचें उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या आधींच, १९६५ सालीं, एका दाढीच्या फेसाच्या खटल्यांत दिलेलें आहे. कोलगेट-पामोलिव्हच्या त्या जाहिरातींत फेस लावतांच वाळूचा खरखरीत कागददेखील वस्तऱ्यानें सपकन साफ होतांना दाखविला होता. वास्तविक खरा कागद तसा साफ व्हावयास सुमारें ऐंशी मिनिटें भिजवावा लागे. पडद्यावर होती ती वाळू पसरलेली पारदर्शक प्लास्टिकची पाटी. न्यायालयानें ही फसवणूक ठरविली. त्या वेळीं एक दृष्टांत पुढें आला, आणि तो आमच्या विषयाचा आहे. दिव्यांच्या उष्णतेनें आइस्क्रीम वितळतें, म्हणून त्या जागीं कुसकरलेल्या बटाट्याचा गोळा ठेवला तर? मुख्य न्यायमूर्ति अर्ल वॉरन यांच्या निकालपत्राचा आशय असा, कीं एखाद्या दृश्यांत माणसें सहज आइस्क्रीम खात बसलेलीं दाखविलीं आणि तो बटाटा असला, तर चिंता नाहीं. परंतु 'पाहा आमच्या आइस्क्रीमचा रंग, पाहा त्याचा मऊपणा' असें म्हणून बोट त्या बटाट्याकडे दाखविलें, तर तो पुरावा म्हणून पुढें केलेला बटाटा झाला.

थोडक्यांत, विकावयास काय काढलें आहे तें आधीं पाहावें. आमच्यापुढच्या वाडग्यास हा निकष लावला, तर मसाल्याच्या पुडींत मटकी नाहीं, फरसाण नाहीं, पावही नाहीं. पुडींत आहे तो रंग, वास आणि तिखटपणा. आणि या तिहींपैकीं कॅमेऱ्यास दिसतो तो एकटा रंग. म्हणजे त्या चित्रांत कंपनी साक्ष देत होती ती फक्त कटाच्या रंगाची. फरसाण वाटीवर बसलें काय किंवा तळाशीं गेलें काय, मसाल्याच्या गुणांत फरक पडत नाहीं. हीच वाटी डबाबंद तयार मिसळीच्या चित्रांत असती, तर ती कॅम्पबेलच्या गोट्यांची सख्खी बहीण ठरली असती.

कायदा म्हणून हें आम्हांस पटलें. पण आमच्या सूनबाई पुडी हातांत घेऊन 'विकावयास काय काढलें आहे' याची चिकित्सा करीत बसल्या नव्हत्या. त्यांनीं एक भरलेला वाडगा पाहिला आणि आपला वाडगा पाहिला. न्यायालयाच्या चाळणींतून जें निर्दोष म्हणून खालीं पडतें, तें स्वयंपाकघरांत तितकें निर्दोष राहत नाहीं.

किंबहुना, कांहींही नकली न घालतांसुद्धां चित्र आणि पदार्थ यांत किती अंतर पडतें, याचा दाखला २०१२ सालीं कॅनडांतून मिळाला. मॅकडोनल्ड्सच्या एका गिऱ्हाइकानें विचारलें, कीं जाहिरातींतला बर्गर दुकानांतल्या बर्गरपेक्षां वेगळा कां दिसतो? पदार्थ आमच्या वाचकांच्या घरांतला नव्हे, पण हकीकत कामाची आहे. कंपनीच्या अधिकारी बाईंनीं स्वतः दुकानांतून बर्गर विकत घेतला, तो स्टुडिओंत नेला, आणि चित्र कसें काढतात तें सारें चित्रफितींतून लोकांस दाखविलें. दुकानांतला बर्गर मिनिटाभरांत तयार होतो. चित्रांतल्याला कित्येक तास लागतात. घटक तेच, परंतु कांदा, काकडी, चीज हें सर्व पुढच्या कडेला ओढून मांडलेलें, सॉस पिचकारीनें नेमक्या जागीं सोडलेला, कारण कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते. शिवाय दुकानांतला पाव खोक्यांतल्या वाफेनें बसतो. चित्रांतला बसत नाहीं. या मोकळेपणाचें आम्हांस कौतुक वाटलें, जरी तीही एक जाहिरातच होती हें आम्ही विसरलेलों नाहीं.

आतां स्टुडिओकडे परत येऊं, कारण खरा प्रसंग तेथें दुपारीं तीननंतर घडला. नायकाचा वाडगा मेजावर आला, दिवा लखकन उडाला, चित्र संगणकाच्या पडद्यावर उमटलें. सर्वांनीं माना डोलावल्या. कंपनीचा तो तरुण अधिकारी मात्र म्हणाला, "चित्र सुरेख आहे. जरा लाल वाढवा." संगणकावर हें काम बोटानें एक खूण पुढें सरकविण्याइतकें सोपें आहे, छायाचित्रकाराचा हात तेथेंच होता. भाची म्हणाली, "तेवढें नको. वाटी माझी आहे, फरसाण माझें आहे, तें मी कसेंही बसवीन. कटाचा रंग हा तुमचा माल आहे. मी तुमच्या पुडीवरच्या कृतीप्रमाणें मोजून मसाला घातला आहे, आणि आला तो रंग हा आहे."

कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. त्या कंपनीचें वर्षभराचें काम तिच्याकडे येण्याच्या बेतांत होतें, हें तिनें आम्हांस मागाहून सांगितलें. त्या वेळीं आम्हांस एवढेंच दिसलें, कीं तिच्या हातांतला चिमटा किंचित हलत होता. अधिकारी रागावला नाहीं. तोही नोकर माणूस. "ताई, दुकानांत आमच्या शेजारीं दुसऱ्या चार पुड्या असतात, त्या सगळ्या याहून लाल आहेत. आमचीच फिकी दिसली तर उचलणार कोण?" असें तो म्हणाला, आणि त्याचें तेंही म्हणणें खरें होतें.

मग भाची पडद्यापलीकडे गेली आणि तिनें नवें पातेलें चढविलें. मिरचीचा तांबडा रंग पाण्यांत विरघळत नाहीं. तो तेलांत उतरतो. ब्याडगी मिरची तिखटाला बेताची पण रंगाला जबर, ती अशा मसाल्यांत असते ती याचसाठीं. छापील कृतींत दोन मोठे चमचे तेल होतें. तिनें मसाला तितकाच ठेवून तेल चार चमचे घेतलें, आंच मंद ठेवून मसाला त्यांत हळूहळू परतला, आणि वर जी तर्री आली ती पाहून आमचाही जीव लालचावला. नवा वाडगा भरला, नवें चित्र निघालें. अधिकारी आनंदला. भाचीनें हात पुसत विचारलें, "आतां पुडीवर दोन चमचे छापणार कीं चार?"

त्यानें कचेरीस फोन लावला. अर्धा तास बोलणें चाललें होतें. पुढच्या छपाईपासून कृतींत चार चमचे घालावयाचें ठरलें.

यास प्रामाणिकपणा म्हणावें कीं आणखी कांहीं, याचा निवाडा आम्हांस आजतागायत करतां आलेला नाहीं. चित्र खरें होतें. कृति खरी झाली. एका खुणेच्या जोरावर जें खोटें घडणार होतें, तें घडलें नाहीं. पण कृतीप्रमाणें चित्र काढावें हा जो सरळ क्रम, तो मात्र उलटला. चित्र आधीं ठरलें आणि त्याला शोभेशी कृति मागून आली. आतां जितक्या घरांत ती पुडी जाईल तितक्या घरांत दोन चमचे तेल अधिक पडणार. परतीच्या वाटेवर आम्हीं हें भाचीस बोलून दाखविलें. ती म्हणाली, "मामा, तुमच्याच सुनेला लाल तर्री हवी होती ना?" यावर आम्हीं काय बोलावें?

आपल्याकडे या बाबतींत कायदा नाहीं असें नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या केली आहे. २०२० पासून त्यासाठीं केंद्रीय प्राधिकरण आहे, आणि पहिल्या अपराधास दहा लाखांपर्यंत, पुढच्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. २०२२ सालीं निघालेल्या मार्गदर्शक नियमांत एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. जाहिरातींतल्या खुलाशानें मूळच्या फसव्या दाव्यावर पांघरूण घालूं नये. आणि तो खुलासा दाव्याच्याच भाषेंत, त्याच वळणाच्या अक्षरांत असावा. 'चित्र केवळ निदर्शनासाठीं' अशा अर्थाची मुंगीच्या पायाएवढी इंग्रजी ओळ आपल्याकडच्या पुड्यांवर शोधून काढावी लागते, ती ज्यांनीं चष्मा लावून वाचली असेल त्यांस या कलमाची गरज पटेल. बाकी तेलाच्या दोन चमच्यांचा हिशेब कोणत्या कलमांत बसवावा, तें आम्हांस सांपडलें नाहीं.

त्या दिवशीं संध्याकाळीं दिवे मालवल्यावर स्टुडिओंतल्या सर्वांनीं मेजाभोवतीं जमून मिसळ खाल्ली. ज्यांत ग्लिसरीनचा फवारा पडला होता ते वाडगे टाकून दिले गेले. तें पाहणें आम्हांस जड गेलें. पण पातेल्यांतलें सारें अन्न पोटीं लागलें, आणि उरलेले पाव आवारांतल्या पहारेकऱ्यांकडे गेले. भाचीनें आम्हांस वाढलें तें पहिल्या, दोन चमच्यांच्या पातेल्यांतून. तो कट रंगानें आमच्या घरच्यासारखाच विटकरी होता.

घरीं येऊन आम्हीं उपड्या वाटीची कथा सांगितली, तेव्हां सूनबाई प्रथम थक्क झाल्या आणि मग खूप हसल्या. ज्येष्ठांत ती नवी पुडी आमच्या गांवच्या दुकानांत आली. चित्र तेंच, पाठीवर तेल चार चमचे. सूनबाईंनीं पुडी उलटसुलट करून "यांत वाटी कोठें असेल?" म्हणून बोट ठेवून जागा दाखविली, आणि ती बरोबर होती. पुढच्याच आठवड्यांत त्यांच्या माहेरचीं माणसें जेवावयास आलीं. मिसळीचा बेत होता. वाडगे पानांवर आले तेव्हां प्रत्येकांत फरसाण कसें दिमाखांत वर बसलेलें, तर्री लालभडक, पाहुणे पाहतच राहिले. आम्हीं चमचा आंत घातला, तो ठण्णकन स्टीलवर आपटला.